आधी ओळखा, मग पाना लावा

जुनी मोटार दारात आली की तिचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही दिवसांत होतं, असं माझं ठाम मत आहे. इतक्या वर्षांत पावसानं, उंदरांनी आणि गंजानं जे केलेलं नसतं, ते नव्या मालकाचा उत्साह करून टाकतो. बंपर उतरतो आणि क्रोमला जातो. वायरिंग मुळापासून उपटलं जातं. डॅशबोर्डखालची एखादी पट्टी, एखादं बटण, कशाचं हे न कळल्यामुळं भंगाराच्या पोत्यात पडतं. वर्षा-दोन वर्षांनी गाडी झगझगीत होऊन रॅलीत उभी राहते, लोक तिच्याबरोबर फोटो काढतात. पण ती कुठल्या गावात होती, कुणी चालवली, कुठल्या कामाला चालवली, यातलं काहीही तिच्याकडं बघून सांगता येत नाही.

मी तंत्रनिकेतनात मशीन ड्रॉइंग शिकवलं. वडिलांचं लेथचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होतं, त्यामुळं एखादा तुकडा हातात घेतला की तो ओतलाय, घडवलाय की कापलाय हे बघायची सवय लहानपणापासूनची. निवृत्तीनंतर आजऱ्याकडच्या एका डॉक्टरांच्या घरून मी जुनी मॉरिस मायनर घेतली. डॉक्टरांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. टोचन करून ती कोल्हापूरला आणली आणि पाना हातात घ्यायच्या आधी वही घेतली.

गाडी मूळची कुठल्या वर्षातली, हे ओळखायला फार वेळ लागला नाही. हिचे हेडलाइट मडगार्डवर नाहीत, खाली जाळीच्या दोन्ही बाजूंना आहेत. मायनर पहिल्यांदा लोकांपुढं आली ती लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात, १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये, तेव्हा ती अशीच होती. अमेरिकेत हेडलाइटच्या उंचीचा नियम आड आला म्हणून दिवे वर गेले, आणि १९५१ उजाडेपर्यंत सगळ्याच मायनरचे दिवे मडगार्डवर चढले. बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या डोक्यावर रॉकर कव्हर नाही, प्लग वरून सरळ आत गेलेले. म्हणजे जुनं ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. १९५२ पासून ८०३ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन यायला लागलं, ते लांबूनही वेगळं दिसतं.

सगळ्यात बोलका निघाला तो बंपर. मधोमध कापून त्यात एक जोडपट्टी बसवलेली आहे. शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रींना वाटलं, अपघात होऊन वेल्डिंग झालेलं असणार. तसं नाही. गाडीचे डिझायनर ॲलेक इसिगॉनिस यांना शेवटच्या घडीला गाडी अरुंद वाटली, त्यांनी नमुन्याची गाडी उभी कापायला लावली आणि दोन अर्धी एकमेकांपासून लांब सरकवून बघितली. चार इंच रुंदी वाढली. बॉनेटच्या मधून जाणारी सपाट पट्टी तिथूनच आली. पण बंपर आधीच अरुंद गाडीच्या मापाने तयार झाले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांना ते कापून, मध्ये तुकडा घालून लावले. हा जोड सरळ करून, घासून, क्रोम करून घेतला असता तर गाडी सुरुवातीच्या खेपेतली आहे याचा पुरावा आपल्याच पैशानं पुसला गेला असता.

यापुढचं काम मात्र सोपं राहिलं नाही. कारखान्यातून गाडी कशी निघाली हे पुस्तकात सापडतं. कारखान्यातून निघाल्यावर काय झालं ते कुठल्याच पुस्तकात नसतं, ते गाडीवरच वाचावं लागतं.

लुकास कंपनी आपल्या विजेच्या भागांवर महिना आणि वर्ष ठोकायची. डायनॅमोच्या अंगावरचं तेल आणि रंगाचे थर पुसल्यावर बारीक आकडे दिसले, १० आणि ५३. म्हणजे हा डायनॅमो ऑक्टोबर १९५३ चा, १९४९ च्या या गाडीपेक्षा चार वर्षांनी धाकटा. स्पीडोमीटर स्मिथ्सचा. त्याच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरात चार आकडी संख्या असते, तिच्याकडं कुणी बघत नाही. एक मैल जाताना केबल किती वेळा फिरली पाहिजे, ती ही संख्या. ती जपून ठेवली पाहिजे, कारण मागचं डिफरेन्शियल कधीतरी दुसऱ्या मॉडेलचं बसवलं असेल तर काटा खोटं बोलतो आणि खोटं का बोलतो हे त्या चार आकड्यांवरूनच कळतं.

कार्बोरेटरपाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मायनरला मूळचा एसयू असतो. आडवा बसतो, वर गोल घुमट आणि घुमटावर पितळी टोपी. माझ्या गाडीवर सोलेक्स होता, आणि तो उभा बसतो. आडव्या तोंडावर उभा कार्बोरेटर बसवायचा तर मध्ये काटकोनात वळलेली नळी लागते. ती होती. ॲल्युमिनियमची, हाताच्या मुठीएवढी. तिच्यावर कुठलंही नाव नाही, नंबर नाही. मी ती खिडकीपाशी नेऊन बघितली. बाहेरून वाळूचा खरखरीतपणा तसाच राहिलेला, म्हणजे वाळूच्या साच्यातलं ओतकाम. मधून एक पुसट रेघ गेलेली, म्हणजे लाकडी पॅटर्न दोन भागांत केला होता. दोन्ही फ्लँजची तोंडं लेथवर घेतलेली, टूलचे गोल ओरखडे अजून मोजता येतात. बोल्टची भोकं ड्रिलनं पाडून मग गोल कानशीनं लांबट केलेली, कारण दोन्हीकडचं अंतर अर्ध्या मिलिमीटरनं जुळत नव्हतं. आतलं वळण मात्र हातानं पॉलिश केलेलं. हे कुणाला दिसणार नाही असं काम. हवा-पेट्रोलचं मिश्रण वळताना भिंतीला अडखळू नये म्हणून कुणीतरी बसून ते घासलं होतं.

हे कोल्हापूरचं काम आहे असं मी छातीठोकपणे म्हणेन. उसाच्या मळ्यांना पाणी चढवणारी आणि घाणे फिरवणारी ऑइल इंजिनं या गावानं स्वतः ओतली, स्वतः घडवली. असल्या नळीला लागणारा पॅटर्नमेकर, भट्टीवाला आणि टर्नर इथं एका गल्लीत सापडत होते. आणि ही नळी का करावी लागली हेही उघड आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर बंधनं घट्ट होत गेली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं ठरवलं, की ज्यांच्याकडं इथं उत्पादन करायचा कार्यक्रम आहे त्यांनीच या धंद्यात राहावं. त्यानंतर मुंबईत आणि इतरत्र गाड्या जोडणाऱ्या अमेरिकन कंपन्या निघून गेल्या. आधी आलेल्या गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. त्यांचे भाग मिळेनात, पण पेशंट, शाळा, कोर्टकचेऱ्या थांबणार नव्हत्या. त्या काळातली देशाची आर्थिक धोरणं शिकवायला माझ्याकडं ही मुठीएवढी नळी आहे.

नावाजलेल्या एका गॅरेजच्या माणसानं गाडी बघितली आणि पहिला सल्ला दिला तो ही नळी आणि सोलेक्स काढून टाकायचा. इंग्लंडहून नवाकोरा एसयू मागवू, म्हणाला. मागवता येतो, खरं आहे. मायनरचे जवळपास सगळे भाग आजही तिकडं नवे मिळतात. मला भीती वाटते ती याच सोयीची. भाग मिळत नव्हते तेव्हा माणसं जुनं जपत होती, आता सगळं कुरिअरनं घरी येतं म्हटल्यावर जुनं उचलून फेकायला कुणाचा हात अडखळत नाही. शिवाय सोळा लाखांच्या वर मायनर बनल्या. कॅटलॉगप्रमाणं बिनचूक अशा गाड्या इंग्लंडात आजही भरपूर आहेत, त्यांत आणखी एकीची भर घालून कुणाला काय मिळणार? आजऱ्याच्या डॉक्टरांची गाडी मात्र जगात एकच आहे.

ती त्यांची गाडी आहे हे मला कळलं ते एका सॉकेटमुळं. डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात खाली, सहज दिसणार नाही असं, बेकेलाइटचं दोन भोकांचं काळं सॉकेट. पत्र्याला भोक हातानं पाडलेलं, कडा कानशीनं घासलेल्या. मिस्त्री म्हणाले, “ताई, हे कॅटलॉगात न्हाई. काढून भोक बुजवून टाकू, लांबी भरली की कळायचं पण न्हाई.” मी म्हटलं, आधी तार कुठं जाते ते बघू. तार किल्लीच्या स्विचकडं गेलीच नव्हती. ती बॅटरीकडं सरळ जात होती, मध्ये वेगळा फ्यूज. म्हणजे ज्यानं हे बसवलं त्याला इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी उभी असतानाच वीज हवी होती. रेडिओसाठी असं कुणी करत नाही.

डिकीतल्या गोणपाटाखाली लाकडी फळीला गुंडाळलेली दोन पदरी वायर निघाली, चांगली दहा-बारा हात लांब. एका टोकाला त्या सॉकेटात बसणारी पिन, दुसऱ्या टोकाला बारा व्होल्टचा बल्ब, भोवती तारेची जाळी आणि वर अडकवायला आकडा. मी डॉक्टरांच्या मुलाला फोन केला. तेही आता सत्तरीपुढचे आहेत. त्यांनी मला मध्येच थांबवलं. “ताई, ती वायर सापडली का? बाळंतपणाची वायर म्हणायचो आम्ही तिला.” वाड्या-वस्त्यांवर वीज नव्हती. रात्री बोलावणं आलं की डॉक्टर गाडी घराच्या भिंतीला लागून उभी करायचे, वायर खिडकीतून आत जायची आणि आढ्याला आकडा अडकवला जायचा. कंदिलाच्या उजेडात टाके घालणं त्यांना मान्य नव्हतं. शाळकरी वयात हे चिरंजीवही बरोबर जायचे आणि आत बाईचं ओरडणं ऐकत गाडीत बसून बॅटरी उतरत नाही ना ते बघायचे.

हे सगळं बुजवायला चमचाभर लांबी पुरली असती.

पुढचा पिवळ्या काचेचा दिवाही डॉक्टरांनीच नंतर बसवलेला. लुकासचा, मागं एसएफटी ५७६ असं लिहिलेलं. लुकासच्या खुणांत एसएफटी म्हणजे धुक्याचा आणि एसएलआर म्हणजे लांब पल्ल्याचा. आंबोली घाटातून सावंतवाडीकडं पावसाळ्यात रात्री उतरलेल्या माणसाला हा दिवा बंपरजवळ एवढा खाली का, हे विचारावं लागत नाही. वरच्या दिव्याचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून डोळ्यांवर परत येतो, खालचा धुक्याच्या पोटाखालून रस्त्याची कड दाखवतो. बंपरच्या कांबीवर वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनचा बिल्ला आहे, मुंबईची ही संस्था १९१९ पासूनची. तोही राहील.

सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही. ब्रेकचे होज, टायर, कुजलेल्या तारा बदलल्याच पाहिजेत, तिथं माया उपयोगाची नाही. बॉनेटच्या टोकावर कुणीतरी विकण्याआधी शोभेसाठी चिकटवलेली पंखांची चकचकीत मूर्ती मी फोटो काढून उतरवली. माझा नियम साधा आहे. गाडी रोज चालवणाऱ्यानं कामासाठी जोडलेली वस्तू गाडीची, गाडी खपवणाऱ्यानं जोडलेली वस्तू गाडीची नव्हे. आणि काढलेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी बांधून पेटीत जाते, भंगारात नाही. रंगाचंही तसंच. पूर्ण घासायच्या आधी डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा पाणी लावून पॉलिश पेपरनं हळूहळू घासली, तर एकाखाली एक थर वर्तुळासारखे उघडे पडतात. वर क्रीम, त्याखाली निळा, सगळ्यात खाली काळा. त्याचा फोटो काढायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं नंतर कधीच परत मिळत नाहीत.

हा फक्त माझ्या हौसेचा विषय असता तर वर्तमानपत्रात लिहिलं नसतं. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५ हजार. गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठीच रस्त्यावर काढायची. हे सगळं योग्य आहे. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

आता ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय? डॉक्टरांचं सॉकेट मूळ स्वरूपात बसतं का? कोल्हापूरची नळी हा इंजिनातला फेरफार धरायचा का? नियमात याचं उत्तर सापडत नाही, आणि समोरच्या तपासणी अधिकाऱ्यानं ते अंदाजानं द्यावं अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावरही अन्यायाचं आहे. अर्जाबरोबर विमा, जुनं आरसी बुक, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री, एवढंच मागतात. भागांची यादी मागत नाहीत. मालक मग सुरक्षित वाट धरतो. परदेशी कॅटलॉग उघडतो, त्यात नसलेलं सगळं काढतो. ज्या नियमानं वारसा जपायचा, त्याच्या धाकानं आपला वारसा पोत्यात भरून भंगारवाल्याकडं चाललाय. अर्जाला भागांची सचित्र नोंदवही जोडायला सांगावी. कारखान्याचं काय, त्या काळात इथं जोडलेलं काय आणि अलीकडं बदललेलं काय, असे तीन रकाने पुरेत. मधल्या रकान्यातल्या वस्तूला दोष नव्हे, संरक्षण मिळावं. रॅलींच्या परीक्षकांनीही त्या रकान्याला गुण द्यावेत, कापू नयेत.

पण हा मधला रकाना भरणार कोण? दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक बाहेर येते तेव्हा तिला बघायला रस्ता भरतो. राजघराण्याच्या गाड्यांची काळजी घेणारी माणसं असतात. डॉक्टर, वकील, कंत्राटदार, शाळेचे हेडमास्तर यांच्या गाड्यांची माहिती मिस्त्रींच्या डोक्यात आहे, आणि मिस्त्री म्हातारे झालेत. डिस्ट्रिब्यूटरला डेल्को म्हणणारी, नुसत्या आवाजावरून टॅपेट सांगणारी ही माणसं. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा आपण सगळे हळहळलो, भरपूर लिहिलं. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटचा कुठला भाग इटलीचा, कुठला इथं घडलेला, कुठल्या वर्षी काय बदललं, हे ज्या टॅक्सी-मेकॅनिकांना हातानं चाचपून कळतं, त्यांच्याजवळ वही घेऊन कोण बसलं? ‘डुक्कर फियाट’चे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे एवढं पुष्कळांना आठवतं. त्याच्यापुढची माहिती लिहून घ्यायला हवी आहे, आणि आत्ताच.

आमच्या तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये दरवर्षी मुलं तेच तेच प्रकल्प करतात. त्याऐवजी प्रत्येक मोटार विभागानं आपल्या जिल्ह्यातली एक जुनी गाडी घ्यावी, तिचे न ओळखू येणारे भाग मोजून त्यांची ड्रॉइंग करावीत आणि जुन्या मिस्त्रींना बोलावून त्यांच्याकडून ती ओळखून घ्यावीत. मुलांना मापं घ्यायचा सराव होईल, मिस्त्रींना मानधन मिळेल. माझ्या नळीचं ड्रॉइंग मी केलंय, तिन्ही बाजूंनी, भोकांच्या कानशीच्या खुणांसकट. कुणालाही द्यायला तयार आहे.

आणि वाचकांना एक विनंती. घरात जुन्या गाडीचं पार्ट्स बुक, सर्व्हिसची वही, स्पेअर पार्टच्या दुकानाची पावती, गाडीपुढं उभं राहून काढलेला आजोबांचा फोटो असेल, तर रद्दीत देण्याआधी जवळच्या तंत्रनिकेतनाच्या मोटार विभागात नेऊन दाखवा. फोटोत आजोबांपेक्षा बंपरवरचा दिवा नीट दिसत असला, तर तो फोटो आधी न्या. विभागप्रमुखांनी ‘हे आमच्या अभ्यासक्रमात नाही’ म्हणून परत पाठवू नये. स्कॅन करून मूळ कागद त्याच दिवशी परत देता येतात.